फ्री थ्रो ऑप्शनला टाकला

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी साडेसातला न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. "मामा, एक माणूस कमी पडतोय."

आमच्याकडं माणूस कमी पडतो तो रमीला, नाहीतर तिरडीला. दोन्हीकडं कारण विचारायचं नसतं, उठून जायचं असतं. मी "आलो" म्हणून टाकलं. मग तो म्हणाला, "साडेआठला ड्राफ्ट आहे." मी गुळाच्या अडत दुकानात तीस वर्षं दिवाणजी आहे. ड्राफ्ट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर डिमांड ड्राफ्टच येतो. कितीचा काढायचा, कोणाच्या नावानं, आणि शनिवारी रात्री कुठली बँक उघडी ठेवली असेल, असं मी विचारत गेलो आणि पलीकडं भाचा हसत सुटला.

मग कळलं की हा बास्केटबॉलचा ड्राफ्ट. म्हणजे बास्केटबॉल खेळायचाच नाही. दहाजणांनी बसून अमेरिकेतले खरे खेळाडू आपापसात वाटून घ्यायचे, प्रत्येकी तेरा. ते तिकडं खेळणार, घाम गाळणार, गुडघे मोडून घेणार, आणि त्यांच्या आकड्यांवर इकडं आपण जिंकणार किंवा हरणार. खेळाडूला याचा पत्ताही नसतो. आपण बारशाला नाव ठेवायचं आणि पोरगं दुसऱ्याचं, असा हा प्रकार.

गल्लीत हा खेळ अगदी परका होता असं नाही. आमच्या रिक्षा स्टॉपवरची पोरं क्रिकेटमध्ये गेली कित्येक वर्षं हेच करत होती. शंभर क्रेडिटमध्ये अकरा खेळाडू बसवायचे, कॅप्टनचे गुण दुप्पट, व्हाइस कॅप्टनचे दीडपट. टॉस झाला की गिऱ्हाईक रिक्षात बसलेलं असलं तरी रिक्षा हलायची नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, भारतीय संघाच्या छातीवरचं ड्रीम इलेव्हन ॲपचं नाव गेलं आणि त्या जागी टायरची कंपनी आली. स्टॉपवर सुतक. तेव्हापासून ती पोरं डोक्यात स्ट्रॅटेजी घेऊन बिनकामाची बसून होती. माझ्याकडं ड्राफ्ट आहे म्हटल्यावर त्यातली दोघं न बोलावता घरात आली. पैसे नाहीत हे मी आधीच सांगितलं. हरणाऱ्यानं बाकीच्या नऊजणांना मटण घालायचं एवढाच करार, आणि नऊपैकी नऊ अमेरिकेत असल्यामुळं मी तसा निर्धास्त होतो.

"पण दिवाणजी, यात एक लोचा आहे," त्यातला एक म्हणाला. "आमच्यात विराट सगळ्यांना घेता यायचा. यात एक माणूस एकाचाच." सगळा खेळ या एका वाक्यात आहे. क्रिकेटच्या त्या ॲपमध्ये विराट म्हणजे गणपतीचा प्रसाद, येईल त्याला मिळणार. ड्राफ्टमध्ये तो आईबापाच्या घरातली एकुलती एक माडीची खोली. एकाला मिळाली की बाकीचे आयुष्यभर तोंड वाकडं करणार.

हिशेबाला नऊ कॉलम. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक आणि तीन गुणांची बास्केट हे सहा सरळ बेरजेचे. मग दोन टक्केवारीचे, एक चालू खेळातल्या फेकींचा आणि एक फ्री थ्रोचा. नववा टर्नओव्हर, म्हणजे हातातला चेंडू घालवणं. दर आठवड्याला एकाशी गाठ, ज्याचे जास्त कॉलम सरस त्याची सरशी. हे ऐकून मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. नऊ कॉलमची वही मी रोज लिहितो. फक्त टर्नओव्हरपाशी थोडा अडकलो. आमचे शेठ तीस वर्षं टर्नओव्हर वाढवा म्हणून माझ्या मागं लागलेत, आणि इथं ज्याचा टर्नओव्हर कमी तो शहाणा.

वाटायच्या दोन रीती आहेत. एक लिलावाची. प्रत्येकाला सारखे खोटे डॉलर मिळतात, नाव पुकारलं जातं, बोली लागते. मी भाच्याला म्हटलं, हीच ठेव. गुळाच्या सौद्यात ज्यानं उमेदवारी केली त्याला लिलाव काय शिकवायचा? आमच्या मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात, सौदा पुकारणारा पुढं आणि व्यापाऱ्यांचा घोळका मागं, एका थप्पीवरून दुसऱ्या थप्पीवर सरकत असतो. व्यापारी रव्याचा कोपरा नखानं उकरतो, खडा जिभेवर ठेवतो आणि तोंड मुद्दाम कडू करतो. गूळ जितका चांगला तितकं तोंड जास्त कडू. रंगावर भुलणारा नवखा. कणी बघणारा, खडा मोडताना आवाज ऐकणारा जुना. पूर्वी हत्त्यावर सौदे व्हायचे, रुमालाखाली हातात हात, बोटं दाबून भाव, वरून दोघांचे चेहरे देवळातल्या दगडासारखे. जनावरांच्या बाजारात तो प्रकार अजून दिसतो. बैलाला भाव कळू नये म्हणून करतात असं आमचे आजोबा सांगायचे. बास्केटबॉलच्या खेळाडूलाही कळत नाहीच. म्हणजे रीत तीच.

पण लिलावाला चार तास लागतात आणि दोघांना दुपारी मुलांना पोहायला न्यायचं होतं. म्हणून ठरला दुसरा प्रकार, सापाचा. स्नेक ड्राफ्ट. भाचा समजावत होता, पहिल्या फेरीत एक ते दहा, दुसऱ्या फेरीत दहा ते एक, परत एक ते दहा. मला साप दिसेना. शेवटी बायकोनं स्वयंपाकघरातून सांगितलं, "अहो, पंगत ती." आणि लख्ख दिसलं. वाढपी जिलेबीची परात घेऊन या टोकापासून निघतो, त्या टोकाला पोचतो आणि तिथूनच उलटा फिरतो. पहिल्या पानावरचा मिशीला पीळ देत असतो, कारण पहिली जिलेबी त्याची. पण दुसरी त्याच्यापर्यंत येईस्तोवर त्याचा मठ्ठा संपून पान वाळतं. टोकाला बसलेल्याला पहिली सगळ्यांत उशिरा मिळते, पण मिळते तेव्हा लागोपाठ दोन पडतात.

चिठ्ठ्या कॉम्प्युटरनं काढल्या. मी दहावा. म्हणजे दहावी आणि अकरावी निवड माझी, मग तीस-एकतीसपर्यंत पान कोरडं, मग पन्नास-एक्कावन्न, असं करत अगदी शेवटची एकशे तिसावी निवडही माझीच. भिशीतही माझा नंबर कायम शेवटी लागतो. त्यामुळं धक्का बसला नाही, जरा घरच्यासारखंच वाटलं.

साडेआठच्या आत घरात समिती बसली. रिक्षावाली दोघं, माझा धाकटा भाऊ, आणि समोरच्या तालमीतले वस्ताद. वस्ताद खरंतर फराळाची चव घ्यायला आले होते.

खेळाडूंची यादी पडद्यावर आली. बाजारभावाप्रमाणं, म्हणजे जगभरातले लोक सरासरी कितव्या नंबरला कोणाला उचलतात, त्या क्रमानं. वरच निकोला योकिच. २०२४-२५ च्या हंगामात सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट. सर्बियातल्या सोंबोर गावचा. २०१४ मध्ये खऱ्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव एक्केचाळिसावं लागलं, आणि ते पुकारलं तेव्हा अमेरिकेत टीव्हीवर टाको बेल नावाच्या खाण्याच्या दुकानाची जाहिरात चालू होती. हंगाम संपला की तो गावी पळतो आणि घोड्यांच्या मागं असतो. शर्यतीचे घोडे राखलेत त्यानं. हे ऐकून वस्तादांनी चकली खाली ठेवली. "घोडं राखतंय म्हणजे माणूस बरा. ह्येला घ्या." त्याला पहिल्याच निवडीत भाच्याच्या ऑफिसातल्या एका गुजराती मित्रानं उचललं होतं. वस्तादांनी चकली परत उचलली.

मग व्हिक्टर वेम्बान्यामाचा फोटो आला. फ्रान्सचा, सात फूट चार इंच. २०२५ च्या फेब्रुवारीत खांद्यात रक्ताची गुठळी निघाली आणि उरलेला हंगाम घरी बसला. वस्तादांनी चष्मा लावून त्याला खालून वर बघितला. त्याला बराच वेळ लागला. "ह्येची गर्दन कुठाय? पट काढला की गेला. हवेनं मोडंल ह्ये." मी म्हटलं, वस्ताद, यात पट काढायचा नसतो. "मग काय करायचं असतंय?" "उंच बास्केटमध्ये चेंडू टाकायचा." वस्तादांनी जरा विचार केला. "मग घ्या की. ह्येला नुसता हात वर करायचाय." तो तिसऱ्यालाच गेला होता.

आमच्या कोल्हापूरला माणसं निवडायची हौस आजची नाही. शाहू महाराजांनी देशभरातले मल्ल इथं आणून पोसले, खासबागेचं मैदान बांधलं, खोलगट, म्हणजे कुठंही बसलं तरी कुस्ती दिसावी. इथलंच पाणी पिऊन श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. तेव्हा वस्ताद लोक आकडे बघत नव्हते. मांडीवर थाप मारून आवाज ऐकायचे, गुळाच्या खड्याचा ऐकतात तसा. ही विद्या आहे, मी तिची टिंगल करत नाही. फक्त ती फोटोवर चालत नाही.

माझ्या भावाची अडचण याहून खोल होती. तो फुटबॉलचा माणूस. कोल्हापुरात फुटबॉलचा माणूस म्हणजे एका तालमीचा माणूस. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ. यातलं कुठलं आपलं हे ठरवण्याचा अधिकार माणसाला नसतो, जन्म कुठल्या गल्लीत झाला त्यावर ते ठरतं. शाहू स्टेडियमवर मॅच असली की हा दुकान बंद करून जातो, आणि घसा बसला की हरल्याचं, आवाज फुटला की जिंकल्याचं घरात कळतं. त्याला मी खेळ समजावला तर तो माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला, जणू मी दुसरं लग्न करतोय.

"म्हणजे दादा, तुझ्या संघात एक या टीमचा, एक त्या टीमचा?"

"हां."

"आणि त्या दोन टीमची आपसात मॅच असली तर?"

"दोघांनीही चांगलं खेळावं म्हणायचं."

"दोघांनीही?" त्याला पुढं शब्द सुचेना. शाहू स्टेडियमवर दोघांनीही चांगलं खेळावं म्हणणारा माणूस पुढच्या मॅचला परत दिसलेला नाही.

त्यानं आपली स्ट्रॅटेजी सांगितली. तेराच्या तेरा एकाच टीमचे घ्यायचे. निष्ठा म्हणून. रिक्षावाला म्हणाला, "मग त्यांची मॅच नसलेल्या दिवशी काय?" भाऊ म्हणाला, "त्या दिवशी जेवायचं."

खरी मदत झाली ती भाच्याची आणि, सांगायला हरकत नाही, बायकोची. भाचा फोनवर म्हणाला, मामा, नऊच्या नऊ कॉलम जिंकायला जाऊ नका. पाच जिंकले की आठवडा तुमचा. म्हणून एकदोन कॉलम आधीच सोडून द्यायचे आणि त्यात कच्चे पण बाकी सगळ्यात दांडगे असे खेळाडू स्वस्तात उचलायचे. तिकडं त्याला पंटिंग म्हणतात. मला त्याचा इंग्रजी शब्द लक्षात ठेवायची गरजच पडली नाही. हे तर ऑप्शनला टाकणं! आमच्या दहावीला मी भूमितीची प्रमेयं ऑप्शनला टाकली होती. त्या प्रमेयांवर जे तास वाचले त्यात बीजगणित इतकं पक्कं झालं की अजून व्याजाचा हिशेब तोंडी करतो. अट एकच. टाकायचं तर पूर्ण टाकायचं. थोडंसं प्रमेय करून ठेवणारा दोन्हीकडून बुडतो, आमच्या बाकावरचा एक तसाच बुडाला आणि पुढं शिक्षक झाला.

मी फ्री थ्रो ऑप्शनला टाकला. फ्री थ्रो म्हणजे कोणी आडवं येत नाही, घाई नाही, पंधरा फुटांवरून निवांत उभं राहून चेंडू टाकायचा. जगातली सगळ्यांत सोपी गोष्ट, आणि नेमकी दांडग्या माणसांना जमत नाही. शाकील ओनीलनं सगळ्या कारकिर्दीत शंभरातले त्रेपन्नसुद्धा धड टाकले नाहीत. विरोधक त्याला मुद्दाम धरायचे, की टाक बाबा आता निवांत. यानिस आंतेतोकुन्पो त्याच घराण्यातला, शंभरात साठ-पासष्ट. त्यामुळं नऊ कॉलमवाले त्याला घाबरतात आणि तो जरा खाली घसरतो. दहाव्या जागी तो माझी वाट बघत बसलेला होता. घेतला.

लगेच अकरावी निवड. घड्याळ नव्वद सेकंदांचं. भाचा कुणाचं तरी नाव सांगत होता, पण माझी नजर यादीत बऱ्याच खाली अडकली. लेब्रॉन जेम्स. २००३ पासून खेळतोय, चाळिशीचा, तेविसावा हंगाम. आणि नावापुढं लाल खूण. मी विचारलं, याला काय झालंय? भाचा म्हणाला, "सायाटिका. तीन-चार आठवडे तरी बसणार. मामा, त्याला आत्ता घेऊ नका, पुढच्या पंगतीला मिळेल." पण सायाटिका म्हटल्यावर माझ्या कंबरेतून डाव्या पोटरीपर्यंत एक कळ गेली. दुकानाच्या गादीवर तीस वर्षं मांडी घालून मिळवलेली माझी एकमेव कमाई. आणि हा माणूस त्या कळेसकट बास्केटपर्यंत उडी मारायला निघालाय? मी बोट दाबलं. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक आहे, मामा." अमेरिकेतल्या मराठी पोरांना वडीलधाऱ्यांना वेडं म्हणता येत नाही, ते ठीक आहे म्हणतात.

यानंतर अठरा निवडींचा कोरडा पट्टा. तेवढ्यात बायकोनं समितीला चहा दिला आणि उभ्या उभ्या विचारलं, "उंचीचे, ते अडवणारे, एकूण किती आहेत?" रिक्षावाल्यानं मोजून सांगितलं, कामाचे वीस-पंचवीस. "आणि लांबून टाकणारे?" ते ढिगानं. "मग इतकं काय डोकं लावताय? चकलीची भाजणी आधी दळून आणावी लागते, गिरणीत रांग लागते. पणत्या काय, लक्ष्मीपूजनाच्या दुपारीपण मिळतात." ती परत आत गेली. नंतर भाच्यानं सांगितलं की यावर तिकडं लोक आठवडेच्या आठवडे खल करतात, पोझिशन स्केअर्सिटी म्हणून. आमच्याकडं ते गिरणीत कळतं.

ठरलं, तीस आणि एकतीसला भाजणी. पण तिसाव्याच्या वेळी दारात पोस्तवाला आला आणि मी पाकीट शोधायला गेलो. परत येतो तर वस्तादांनी झायन विल्यम्सन घेतलेला. २०१९ चा खऱ्या ड्राफ्टमधला पहिला, सहा फूट सहा, वजन सव्वाशे किलोच्या वर. "गर्दन बघा," वस्ताद पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो पैलवान." मी म्हटलं, वस्ताद, हा गेल्या हंगामात तीस मॅच खेळला, आणि पूर्वी एक अख्खा हंगाम नुसता बसून होता. "मांडी भरलेली असली की असं व्हतंय." मग रिक्षावाल्यानं बातमी वाचली, की यंदा तो वजन उतरवून आलाय. वस्तादांचा चेहरा पडला. "खुराक बंद केला वाटतं कुणीतरी."

एकतिसावा भावानं मागितला. रुसलेल्या माणसाला एखादा मान द्यावा लागतो. त्याची अट साधी, यानिसच्या टीमचाच हवा, म्हणजे निदान दोघं एका मंडळाचे. मिलवॉकी बक्सचा मायल्स टर्नर शिल्लक होता. उंच, ब्लॉक करणारा, वर लांबून टाकणाराही. भाजणीची भाजणी आणि वर पणत्या. घेतला. मग रिक्षावाल्यानं जरा अति वाचन केलं. हा टर्नर परवापर्यंत इंडियानाचा होता. आणि इंडियानानं २०२४ ला आणि २०२५ ला, दोन्ही वर्षं, मिलवॉकीला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं होतं.

खोलीत शांतता. आता भाऊ उठून जाणार असं मला वाटलं.

"रजिस्ट्रेशन झालंय का?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"यंदाचं. या टीमकडं."

"जुलैमध्येच झालंय."

"मग आपलाच की तो." त्यानं शांतपणं लाडू घेतला.

यात मला नवल वाटायला नको होतं. कोल्हापुरात दर हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते आणि माणसं या तालमीतून त्या तालमीत जातात. गेल्या वर्षी ज्याच्या सात पिढ्या उद्धारल्या, तो नोंदणीच्या दुसऱ्या दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर 'आपला वाघ' म्हणून झळकतो. परदेशातून आलेले गडीही बघता बघता पेठेतले होतात, मिसळीचा कट जास्त मागायला शिकतात. गडी बदलला तरी चालतं, गल्ली बदलून चालत नाही. माझ्या भावाला हा खेळ कळत नव्हता असं मी उगाच समजत होतो. एकाच्या गड्यानं दुसऱ्याकडं जाणं त्याला मान्य होतं. बघणाऱ्यानं घर सोडणं मान्य नव्हतं. आणि मी नेमका बिनगल्लीचा बघ्या व्हायला निघालो होतो.

पन्नासाव्या निवडीच्या ऐन वेळी लाईट गेली. राऊटर बंद, पडदा काळा. नव्वद सेकंद अंधारात समितीनं एकमेकांना दोष दिले. माझा फोन सापडून परत आत शिरेपर्यंत कॉम्प्युटरनं माझ्या वतीनं आपल्या अकलेनं रूडी गोबेअर निवडून टाकला होता. सात फूट, रिबाउंड आणि ब्लॉकचा राजा, आणि फ्री थ्रो असा टाकतो की बघवत नाही. माझ्या स्ट्रॅटेजीत हातमोज्यासारखा बसला. भाच्याचा लगेच मेसेज, "मामा, जबरदस्त पिक!" मी अंधारात बसून "अभ्यास केला होता" असं उत्तर पाठवलं.

मधल्या निवडींचं फार सांगण्यासारखं नाही. समितीतले दोघं रांगोळीचे रंग आणायला गेले, वस्तादांना डुलकी लागली, आणि मी भाचा सांगेल तिथं अंगठा देत राहिलो, सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेत देतो तसा.

अकराच्या सुमारास शेवटचा एकशे तिसावा. एव्हाना उरलेली नावं आडनावांसकट अनोळखी. बायको कंदील लावून हात पुसत आली, वरून खाली यादी बघत गेली आणि एका ठिकाणी थांबली. "हा अजय कोण?" अजय मिचेल. ओक्लाहोमा सिटीचा राखीव गडी. "घ्या की. आपल्यातला दिसतोय." तो बेल्जियमचा आहे हे नंतर कळलं. निवडून झाल्यावर. या खेळात अशा उशिरा निवडलेल्या छुप्या रुस्तमाला स्लीपर म्हणतात. रिक्षावाला म्हणाला, "महालक्ष्मी एक्स्प्रेसला पण आपल्याला शेवटच्या क्षणाला स्लीपरच मिळतो."

हा खेळ ज्यानं गाजवला त्याची गोष्ट भाच्यानं दुसऱ्या दिवशी सांगितली. डॅनियल ओक्रेंट नावाच्या माणसानं १९८० च्या सुमाराला मित्र जमवून बेसबॉलचा असाच डाव मांडला. ते न्यूयॉर्कच्या ज्या फ्रेंच खाणावळीत जमायचे तिचं नाव ला रोटिसरी फ्रांसेझ, म्हणून खेळाचंच नाव रोटिसरी पडलं. रोटिसरी म्हणजे गजावर फिरवत भाजलेली कोंबडी मिळते ती जागा. मला हे ऐकून बरं वाटलं. पांढऱ्या रश्श्याशिवाय कुठलाही गंभीर विचार होऊ शकत नाही हे कोल्हापूरच्या बाहेरही कोणालातरी कळलंय. आणि ओक्रेंट स्वतःच्या लीगमध्ये म्हणे कधीच जिंकला नाही. तेही बरं वाटलं.

पाडव्याच्या पहाटे, २२ ऑक्टोबरला, पाच वाजता हंगामाची पहिली मॅच. ह्यूस्टन विरुद्ध ओक्लाहोमा सिटी. मी एवढ्या पहाटे न हाक मारता उठलो म्हणून बायको ओवाळणीचं ताट लवकर तयार करायला लागली. लेब्रॉनची मॅच नंतर होती आणि तो तर साध्या कपड्यांत बाकावर बसणार होता, कंबर धरून. त्यामुळं माझा एकच माणूस मैदानात. अजय. तोही बाकावरून येणारा. आला, आणि भराभर दोन आकडी गुण करून गेला. हिनं ताट घेऊन येता येता बघितलं आणि म्हणाली, "सांगितलं होतं."

मॅच संपेना. बरोबरी, जादा वेळ, परत बरोबरी, परत जादा वेळ. इकडं पाडव्याला यार्डात नव्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा असतो. वर्षात या एका दिवशी दिवाणजीला उशीर चालत नाही. मी नवा शर्ट घालून, कपाळावर ओलं कुंकू, एका हातात फोन धरून यार्डात पोचलो तेव्हा पूजा चालू होती. पहिल्या रव्यावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल, भोवती शेतकरी, अडते, हमाल, पांढऱ्या टोप्या. नव्या गुळाचा वास असा की एरवी मी तिथंच उभा राहून डोळे मिटले असते. पण सेकंद उरले होते थोडे, आणि ओक्लाहोमाचा शाय गिल्जस-अलेक्झांडर फ्री थ्रो टाकायला उभा होता. निवांत. पंधरा फुटांवरून. ज्याला मी ऑप्शनला टाकलं होतं, नेमकं तेच. गेला आत. ओक्लाहोमा १२५, ह्यूस्टन १२४.

तेवढ्यात सौदा पुकारून झाला, नारळ फुटला, टाळ्या वाजल्या. मागून शेठ घाईनं आले, त्यांना गर्दीतून ऐकू आलं नव्हतं.

"दिवाणजी, पहिला किती गेला?"

"एकशे पंचवीस-एकशे चोवीस," मी म्हटलं.

शेठनी टोपी काढली. शेजारच्या शेतकऱ्याचा चेहरा पांढरा पडला. "क्विंटलला?"

हमालांच्या टोळीतला एक म्हातारा पाठीवरचं पोतं सावरत माझ्या फोनकडं बघत होता. "शेठ," तो म्हणाला, "त्यांना आधी जरा झोपू द्या. पाडवा हाय म्हणून सोडा यंदा."